कोऱ्या नळीतला पट्टा

४ मार्च, सोमवार

लॅबच्या रजिस्टरमध्ये आज एवढंच लिहिलं : ‘कोऱ्या नळीत पट्टा. रिपोर्ट थांबवले.’ खाली सही केली, वेळ घातली. बाकीचं तिथे मावण्यासारखं नाही. म्हणून नातीने दोन वर्षांपूर्वी वाढदिवसाला दिलेली ही वही काढली. ती कधीतरी वाचेलच, तिच्यासाठी नीट सांगते.

आमच्याकडे तान्ह्या बाळांचं रक्त आणि पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासायला येतं. बाळाला जंतूंची लागण आहे की नाही, एवढंच सांगायचं. जंतू थोडेच असले तर दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या डीएनएच्या प्रती काढायच्या. ते काम पॉलिमरेज नावाचं एन्झाइम करतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असं करत पस्तीस फेऱ्यांत कोट्यवधी. मग जेलच्या पारदर्शक वडीवर चढवून दिव्याखाली धरलं की उजळ पट्टा दिसतो. जंतू कुठल्याही जातीचा असो, आमची चाचणी त्याला पकडते.

आणि दर वेळी एक नळी कोरी लावायची. तिच्यात सगळं तेच, फक्त नमुन्याच्या जागी पाणी. तिच्यात काहीही दिसता कामा नये. दिसलं, तर कुठूनतरी घाण शिरली आहे आणि बाकीच्या नळ्यांची साक्ष खोटी.

आज कोऱ्या नळीत पट्टा होता. फिकट, पण होता. एकतीस वर्षांत माझ्या हातून कोरी नळी खराब झाली नव्हती. लॅबमध्ये मला ‘थेंबताई’ म्हणतात ते उगीच नाही. पिपेटच्या टोकाला लोंबणारा थेंबसुद्धा माझ्या परवानगीशिवाय पडत नाही, असं आमचा स्टोअरकीपर सगळ्यांना सांगत असतो.

निवृत्तीला सात महिने उरलेत.

५ मार्च, मंगळवार

पाणी बदललं, हातमोजे नवे, नळ्यांचं पाकीट नवं. पट्टा आलाच. कालच्याएवढाच.

मॅडम, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या बोलतातच कमी. बारा वर्षांपूर्वी इथे शिकायला आल्या तेव्हा पिपेट कसं धरायचं ते मी दाखवलं होतं. आज त्या डॉक्टर आहेत, मी डिप्लोमावाली.

“ताई, डोळे कधी तपासले होते?” त्यांनी विचारलं.

“मागच्या वर्षी.”

“एकदा पुन्हा तपासून घ्या. आणि चिठ्ठी माझ्याकडे द्या.”

म्हणजे आता माझ्या डोळ्यांची फाइल होणार. साठी यायच्या आधीच बुद्धी नाठी ठरली. मान खाली घालून “हो” म्हटलं. संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात जाऊन तपासून आले. नंबर तोच आहे. चिठ्ठी घेतली.

बसस्टॉपवर हे भेटले. म्हणाले, भाजी घ्यायला आलो होतो. आमच्या घरापासून भाजीवाला दोन मिनिटांवर, आणि हे चार स्टॉप ओलांडून भाजीला आले. जन्मभर बस चालवली, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही पाय बसमध्येच. हातात पिशवी मात्र नव्हती. विसरले असतील.

६ मार्च, बुधवार

अख्खी खोली ब्लीचने पुसली. टेबल, पिपेटं, खुर्चीचे दांडे, दाराची मूठ. हात भाजल्यासारखे झालेत. पट्टा आलाच.

दुपारी बालविभागाच्या डॉक्टर स्वतः खाली आल्या. एरवी फोन करतात. नऊ दिवसांचं एक बाळ आलं आहे, ताप आणि झटके. आणण्याआधीच बाहेरच्या दवाखान्यात औषध दिलेलं, त्यामुळे जंतू वाढवून बघायची नेहमीची तपासणी निरुपयोगी. डीएनएचीच चाचणी हवी.

“मी काय करू ते सांगा,” त्या म्हणाल्या. “औषध बंद केलं आणि जंतू असला, तर बाळ हातचं जाईल. चालू ठेवलं आणि जंतू नसलाच, तर मूत्रपिंडं जातील. आत्ताच आकडे चढताहेत. बाहेर पाठवलं तर उत्तर यायला तीन आठवडे.”

मॅडम म्हणाल्या, “नमुना फ्रीझरमध्ये ठेवतो. आठवडा द्या.”

आठवडा! कशाच्या जोरावर आठवडा मागितला देव जाणे.

बाहेरच्या बाकावर बाळाचा बाप बसला होता. गवंडी आहे. नखांत सिमेंट, मांडीवर टोपी. मला म्हणाला, “बाई, रिपोर्ट आत आहे का?” जणू रिपोर्ट आत तयार बसलाय आणि आम्ही दार उघडत नाही. मी म्हटलं, “अजून नाही.” तो म्हणाला, “बरं. मी बसतो.”

आता खरं लिहिते. सोमवारी दुपारी नळ्या भरताना फोन वाजला आणि मी मान वळवली होती. एकच क्षण. झाकण उघडं होतं की बंद, मला आठवत नाही. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. घरी येऊन सुईत दोरा ओवून बघितला. तिसऱ्या खेपेला गेला. पूर्वी पहिल्याच खेपेला जायचा.

७ मार्च, गुरुवार

रुग्णालयाच्या अधीक्षकांनी मॅडमना बोलावलं होतं. माझी डोळ्यांची चिठ्ठी फाइलला लावून त्या वर गेल्या. सव्वा तासाने आल्या त्या लालबुंद होऊन. पाणी प्यायल्या, मग मला आत बोलावून दार लावलं.

“ताई, आजपासून तुम्ही बाळांचे नमुने हाताळायचे नाहीत.”

मी उभीच होते.

“फक्त कोऱ्या नळ्या लावायच्या. मागची छोटी खोली तुमची. किल्ली घ्या. नळ्या, पाणी, एन्झाइम, काय लागेल ते स्टोअरमधून उचला, मला विचारू नका. माझी सही आधीच करून ठेवली आहे.”

एकतीस वर्षांच्या नोकरीचं फळ काय, तर पाण्याच्या नळ्या. लहान मुलाच्या हातात खेळणं देऊन कोपऱ्यात बसवावं तसं. त्यात भर म्हणजे त्या जाड वही घेऊन माझ्या मागे बसल्या आणि मी काय काय करते ते लिहू लागल्या. झाकण कसं उघडते, कोपर कुठे टेकते, नळी किती तिरकी धरते. माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा असेल तर करू दे बापडीला. माझं काम काचेसारखं आहे.

संध्याकाळी स्टोअरकीपर कानाशी लागला. “थेंबताई, वर काय झालं माहीत आहे का? अधीक्षक म्हणाले, बाईंना आत्ताच घरी बसवा. तर मॅडम म्हणाल्या, रिपोर्टखाली माझीही सही असते, मग मलाही बसवा.”

हा माणूस लोणी लावून बोलण्यात पटाईत. मागच्या महिन्यात माझ्या हस्ताक्षराचीही अशीच तारीफ केली होती. मी लक्ष दिलं नाही.

आजही हे बसस्टॉपवर. आज म्हणे चप्पल दुरुस्त करायला आले होते. चप्पल पायात, धड.

८ मार्च, शुक्रवार

अठ्ठेचाळीस कोऱ्या नळ्या. एकेक गोष्ट बदलत गेले. दुसरं पाणी, दुसरं मीठपाणी, डीएनएची सुटी अक्षरं नव्या कुपीतली, वेगळी पिपेटं. शेवटच्या आठ नळ्या तर खिडकी-दार बंद करून, पंखा बंद करून, तोंडाला दोन फडकी बांधून भरल्या. घामाने निथळले.

अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस नळ्यांत पट्टा. आणि सगळे एका उंचीचे, एका जाडीचे, दळणातल्या पिठासारखे सारखे.

मी एकदाच म्हटलं, “मॅडम, हातून घाण पडते ती अशी एकसारखी पडत नाही. कुठे पडेल, कुठे नाही.”

त्यांनी वहीतून मान वर केली. “पुन्हा सांगा.”

पुन्हा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

एन्झाइमची कुपी मी बदलली नाही. ती सीलबंद येते, बर्फात येते, सोबत प्रमाणपत्र येतं. गेल्या महिन्यात नवा साठा आला, सगळ्या कुपी त्यातल्याच. तिच्यावर कोण संशय घेणार?

१० मार्च, रविवार

नात आली होती. कॉलेजचं पहिलं वर्ष, उद्या पेपर. मी वाटाणे सोलत होते, ती शेजारी पुस्तक घेऊन बसली आणि तोंड वाकडं करत म्हणाली, “आजी, ही एन्झाइमं कोणी काढली? एकाचं नाव दुसऱ्याला चिकटतंय.”

म्हटलं, “नावं सोड, कामं धर. पेशीत डीएनएची नक्कल काढायची तर आधी दोन धागे सुटे करायला हवेत. ते हेलिकेज करतं. पॉलिमरेजला कोऱ्या जागी सुरुवात करता येत नाही, त्याला आधी कोणीतरी चार अक्षरं गिरवून द्यावी लागतात.”

“प्रायमेज!”

“बरोबर. मग पॉलिमरेज पुढची अक्षरं लावत जातं. आणि चुकीचं अक्षर लागलं तर ते मागे येऊन खोडतंसुद्धा.”

“शहाणं आहे.”

“सगळी नाहीत. आमच्या लॅबमधल्याला खोडता येत नाही, ते धावतच सुटतं. पण दोन धागे उलट दिशांना असतात, म्हणून एका बाजूची नक्कल सलग होते आणि दुसऱ्या बाजूची तुकड्या-तुकड्यांनी. ते तुकडे सांधणारं लायगेज.”

हे आतून ओरडले, “आमच्या घरातलं लायगेज कोण?”

“तुम्ही सोडून कोणीही,” मी म्हटलं. नात हसून हसून लोळली.

मग तिने विचारलं, “लॅबमधलं पॉलिमरेज येतं कुठून?”

“उकळत्या झऱ्यात राहणाऱ्या एका जंतूचं ते. म्हणून उष्णतेने मरत नाही.”

“मग कंपनीवाले झऱ्यावर बादल्या घेऊन जातात?”

“वेडे, त्या जंतूचं जनुक काढून आपल्या आतड्यातल्या साध्या जंतूत घालतात. तो कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांत वाढवतात, मग फोडतात, आणि त्यातून एन्झाइम वेगळं करतात. आता पुढचं वाच.”

चांगली तयारी झाली तिची. मला मात्र उद्या पुन्हा त्या छोट्या खोलीत जायचं आहे, कशाला ते कळत नाही.

११ मार्च, सोमवार

आज जे ऐकलं ते जन्मात विसरणार नाही.

मॅडमनी मला न सांगता कोऱ्या नळीतला पट्टा विद्यापीठात पाठवला होता, त्याची अक्षरं वाचून घ्यायला. उत्तर आलं : आतड्यातला जंतू. अधीक्षक स्वतः खाली आले, कागद हातात, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, “बाई, एक स्पष्ट विचारतो. बाथरूमला जाऊन आल्यावर हात धुता ना?”

कोणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार. मी म्हटलं, “धुते, साहेब.” मॅडम पुढे होऊन काही बोलायला लागल्या तेवढ्यात मी मागच्या खोलीत निघून आले.

रडले. दहा मिनिटं. मग सवयीने बेसिनवर हात धुतले आणि धुता धुताच हसू आलं, कारण कालचं माझंच बोलणं कानात वाजलं. आतड्यातला जंतू. टाक्यांत वाढवतात. फोडतात.

अगं बाई!

एन्झाइम ज्या जंतूच्या घरात वाढलं, त्याच्याच डीएनएचे कपटे अंगाला चिकटवून आलं आहे. आम्ही जग पुसत बसलो आणि कुंपणच शेत खात होतं. नव्या साठ्यातली पहिली कुपी उघडली तीही चार तारखेलाच! म्हणूनच सगळे पट्टे एका जाडीचे. प्रत्येक नळीत एन्झाइमचा थेंब सारखाच पडतो, कारण तो मी पाडते!

धावत जाऊन मॅडमना सांगितलं. नीट वाक्यंही होत नव्हती. त्या खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, “हे मला सुचायला हवं होतं.” मग म्हणाल्या, “आता सिद्ध करा.”

आनंदाचा एक शब्द नाही. पण दार उघडं ठेवून त्या छोट्या खोलीत माझ्याआधी पोहोचल्या होत्या.

१२ मार्च, मंगळवार

चार कोऱ्या नळ्या. एन्झाइम अर्धं, पूर्ण, दुप्पट, चौपट. बाकी सगळं तेच.

जेलवर पायऱ्या उमटल्या. फिकट, जाड, आणखी जाड, आणि शेवटचा असा की लांबून दिसेल.

मॅडम म्हणाल्या, “आता हेच मी करणार. तुमचा हात नळीला लागणार नाही. म्हणजे कोणी तुमचं नाव घेणार नाही.”

सात वर्षांत त्यांनी पिपेट धरलेलं नव्हतं. कोपर हवेत तरंगत होतं. मी म्हटलं, “कोपर टेकवा. श्वास सोडताना दाबा.” त्यांनी मुकाट्याने ऐकलं. चौथी नळी भरल्यावर म्हणाल्या, “हे सगळं पुस्तकात का नसतं?” मी म्हटलं, “पुस्तक लिहिणाऱ्याला कोपर नसेल.” त्या हसल्या. कित्येक महिन्यांनी हसताना पाहिलं.

त्यांच्याही हातून त्याच पायऱ्या.

१३ मार्च, बुधवार

कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. जेलचा फोटो पाहिला आणि म्हणाला, “एन्झाइम जास्त घातलं की प्रती जास्त निघणारच, मॅडम. घाण तुमच्या पाण्यातली. आमचं एन्झाइम ती इमानदारीने मोठी करून दाखवतंय.”

अधीक्षकांनी मान डोलावली. आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं तोडता येईना. जाताना तो मला म्हणाला, “मावशी, या वयात नजरचूक होते.”

मावशी! भाचा असता तर कान धरला असता.

वरून बालविभागाच्या डॉक्टरांचा फोन : बाळाच्या मूत्रपिंडाचे आकडे आणखी वाईट. गवंडी बाकावरच आहे. आठवडा आज संपला.

१४ मार्च, गुरुवार

सकाळी बसमध्ये सुचलं. एक स्टॉप आधीच उतरून चालत आले, म्हणजे कोणी बोलून विसरायला लावणार नाही.

आमच्या फ्रीझरमध्ये विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी एक कापणारं एन्झाइम असतं. डीएनएवर ठरावीक चार अक्षरं दिसली की ते तिथे कातरतं. कातरलेल्या तुकड्याची प्रत निघत नाही. आणि ते नाजूक आहे, ऐंशी अंशांवर वीस मिनिटं ठेवलं की मरतं. आमचं पॉलिमरेज झऱ्याचं. ऐंशी अंश त्याला कोमट.

मग मी दोन डाव मांडले.

पहिल्यात फक्त पॉलिमरेजला कात्रीसोबत ठेवलं, मग गरम करून कात्री मारून टाकली. पाणी आणि बाकीचं तसंच, न कातरलेलं. दुसऱ्यात उलट. पाणी आणि बाकी सगळं कातरून घेतलं, कात्री तशीच मारून टाकली, आणि पॉलिमरेज कुपीतून होतं तसं घातलं. घाण पाण्यात असेल तर पहिल्या डावात पट्टा येईल. एन्झाइममध्ये असेल तर दुसऱ्यात.

मॅडमना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, आपल्या पट्ट्यात ती चार अक्षरं येतात का ते संगणकावर पाहिलं. येतात. तीन ठिकाणी. मग माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला वाटलं काही चुकलं. म्हटलं, “काय झालं?”

“काही नाही. आणखी एक नळी लावा. धुतलेल्या, म्हणजे कात्री फिरवलेल्या, एन्झाइममध्ये चिमूटभर ओळखीचा जंतू. म्हणजे ते अजून काम करतं, हेही कळेल.”

हे मला सुचलं नव्हतं. त्यांचं शिक्षण त्यांच्याकडे.

साडेतीन वाजता जेल दिव्याखाली ठेवलं. पहिला डाव : काळोख. स्वच्छ, नितळ काळोख. दुसरा डाव : पट्टा. तिसरी नळी : पट्टा, हवा तसाच.

मी खुर्चीत बसले. एकतीस वर्षांत इतकं सुंदर काही पाहिलं नाही. माझे हात स्वच्छ होते. पहिल्या दिवसापासून स्वच्छ होते. ती फोन वाजल्याची गोष्ट आत्ता मॅडमना सांगितली, उगीच मनात नको म्हणून. त्या म्हणाल्या, “झाकण बंद होतं, ताई. मी दारात उभी होते. तुम्ही मान वळवायच्या आधी झाकण लावता. नेहमी.”

बघितलं ना, तेव्हापासून पाळत होती.

१५ मार्च, शुक्रवार

आज मॅडमनी अधीक्षकांना विचारलं नाही. माझ्याकडे किल्ली परत मागितली आणि म्हणाल्या, “ताई, बाळांचे नमुने काढा.”

फ्रीझरमधले थांबलेले सहाही नमुने धुतलेल्या एन्झाइमने लावले. दोन कोऱ्या नळ्या. दर नमुन्यात बाळाच्या स्वतःच्या डीएनएचा एक छोटा पट्टा खाली यावा अशी सोय असते, नाहीतर नळी चालली की झोपली हे कळत नाही. जंतूचा पट्टा त्याच्या बराच वर येतो.

कोऱ्या नळ्या कोऱ्या. चौथ्या बाळात वरचा पट्टा, खराखुरा. बाकी पाच जणांत नाही. त्या पाचांत गवंड्याचं बाळ.

मॅडमचा विश्वास आहे, पण सवय जात नाही. त्या म्हणाल्या, “पुन्हा.” पुन्हा लावलं. तेच.

बालविभागाच्या डॉक्टर जिना उतरून आल्या, फोटो पाहिला, आणि कागदावर सही करून पळतच वर गेल्या. गवंड्याच्या बाळाचं औषध दुपारीच बंद. चौथ्याचं चालू, आता खात्रीने.

बसस्टॉपवर हे उभे होतेच. मी सगळं सांगितलं, कात्रीपासून काळोखापर्यंत. ह्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण कंडक्टरला तिकीट मागताना म्हणाले, “दोन द्या. एक शास्त्रज्ञाचं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंडक्टरने मात्र मला उठून जागा दिली.

१९ मार्च, मंगळवार

वर बैठक. अधीक्षक, कंपनीचा माणूस, बालविभागाच्या डॉक्टर, मॅडम. मॅडमनी मला पुढे केलं. “प्रयोग ताईंचा आहे, त्याच सांगतील.”

फळ्यासमोर उभं राहायची सवय नाही. पण दोन डाव काढले, पट्टे काढले. कंपनीच्या माणसाने विचारलं, “हे तुम्ही कुठे वाचलंत?”

“नाही वाचलं,” म्हटलं. “तुम्ही मला नजरचूक म्हणालात, म्हणून करून पाहिलं.”

तो फोनवर बोलायला बाहेर गेला. आत आला तेव्हा शर्टची इस्त्री मोडली होती. पूर्ण साठा परत घेताहेत, आणि ज्या-ज्या लॅबला तो गेला त्या सगळ्यांना पत्र जाणार. अठरा लॅब आहेत. अठरा ठिकाणी कोणी ना कोणी बाई हात धूत बसली असेल.

अधीक्षक म्हणाले, “बाई, त्या दिवशी मी जे बोललो...” मी म्हटलं, “हात धुण्याची आठवण केलीत साहेब, तिथेच मला सुचलं.” सगळे हसले, तेही हसले. खरं म्हणजे मी चेष्टा करत नव्हते.

मॅडमनी ती जाड वही टाइप करून आणली आहे. त्र्याऐंशी पानं. नव्या लोकांना हात कसे चालवायचे ते शिकवण्यासाठी म्हणे. आणि माझ्या निवृत्तीनंतर दोन वर्षं शिकवायला बोलवावं, असा अर्जही केला आहे. माझ्याशी न बोलता! ही बाई कधी काही आधी सांगेल तर शपथ. मी नाक मुरडलं, पण ‘हो’ म्हणून टाकलं.

२२ मार्च, शुक्रवार

गवंडी आज बाळाला घरी घेऊन निघाला. मूत्रपिंडाचे आकडे उतरलेत, ताप नाही, झटके नाहीत. झटके कशामुळे आले होते ते डॉक्टरांनी त्याला समजावलं : रक्तातलं मीठ कमी पडलं होतं, ते भरून काढलं आहे.

बायको आणि बाळ बाहेर रिक्षात, आणि हा आमच्या दाराशी. टोपी हातात. “बाई, तो फोटो एकदा बघायला मिळेल का?”

नियमात बसत नाही. पण बाकीच्यांच्या रांगा कागदाने झाकून दाखवला.

तो वाकून बघत राहिला. “यात माझं बाळ कुठलं?”

मी बोट ठेवलं. “ही खाली बारीक रेघ आहे ना, ती तुमची मुलगी.”

“आणि वर?”

“वर काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. तेच तर शोधत होतो आम्ही.”

तो हळूच बोट पुढे करून त्या काळ्या जागेवरून फिरवत गेला, भिंत सपाट झाली का बघतात तसं. मग सरळ उभा राहिला. “चांगलं काम आहे. हे कोणी केलं?”

एकतीस वर्षं असं कोणी विचारलं की मी ‘लॅबने’ म्हणत आले. आजही तोच शब्द जिभेवर आला होता.

“मी केलं,” म्हटलं.